दिवाणखान्यातला लग्नचौक

नकलेत माझा हात फार चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. पुण्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी वरच्या श्रेणीत पास झाले होते. समोर ठेवलेला तांब्या मी कागदावर असा उतरवायची की मास्तर म्हणायचे, "यातून पाणी ओतून घ्यावंसं वाटतं." त्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं फुगून होते. लग्नानंतर आम्ही कर्जतला भिसेगावात बिऱ्हाड केलं. हे ओव्हरसियर, पूल आणि मोऱ्यांची कामं बघायचे. मी पोळपाटावर सांडलेल्या पिठात बोटाने वेलबुट्टी काढत बसायची आणि हे पाटावरून ओरडायचे, "चित्रकारबाई, पोळी करपली!"

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका शेटजींनी कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी बंगला बांधायला काढला आणि देखरेख यांच्याकडे आली. शेटजी मोठे हौशी. म्हणाले, "मुंबईच्या घरात जिकडेतिकडे आरसे, झुंबरं आणि मखमल. मला तिथे शिंकायचीसुद्धा भीती वाटते. इथे आत शिरल्यावर रानात बसल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि सगळं आपल्या लोकांच्या हातचं." हे गोंधळले. चुना-विटांचं माप यांना कळे, पण रानात बसल्यासारखं घर कसं करायचं ते यांच्या वहीत नव्हतं. मी दाराआडून ऐकत होते. पाहुणे उठायच्या आत माझ्या डोक्यात अर्धा बंगला सजून तयार होता. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," हे म्हणाले, पण त्यांनी मला अडवलं नाही.

म्हणून त्या हिवाळ्यापासून आम्ही बंगल्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला गेलो. मी आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या करून घेतल्या आणि वर मातीचा गिलावा दिला. कुंभाराकडून तोंडं मोठी ठेवून घडे घेतले आणि ते भिंतीत आडवे बसवून कोनाडे केले. खिडक्यांना पडद्यांऐवजी बांबूच्या बारीक पट्ट्या, जमीन शेणाने सारवलेली आणि हात धुवायला तांब्याचं घंगाळ. जेवणघराच्या भिंतीवर गिलावा ओला असतानाच सागाची आणि पळसाची पानं दाबून त्यांच्या शिरा उठवल्या. ती भिंत बघून यांनीसुद्धा मान डोलावली, आणि हे सहसा माझ्यासमोर मान डोलवत नसत.

गिलाव्याचं काम एक ठाकरीण करायची. वरच्या वाडीतून, अर्धा कोस उतरून, रोज सकाळी लेकीला घेऊन यायची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी असेल, पण मी तिला "अगं" म्हणायची आणि ती मला "बाय" म्हणायची. त्या काळी तसंच होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिची लेक पंधरा-सोळाची. माती तुडवायची, पानं वेचून आणायची आणि दिवसभर आईची पाठ सोडायची नाही. मी एकदा तिच्यावर चिडले, कारण तिने आणलेल्या पानांत निम्मी किड्यांनी खाल्लेली होती. ती हसून म्हणाली, "बाय, किड्यानं खाल्ल्याबिगर पान पान दिसत नाय. तुमचं नवं पान कापडावानी दिसतं." मी तिचीच पानं दाबली. भिंतीवर तीच शोभून दिसली, पण तसं मी तिला बोलून दाखवलं नाही.

राहिला तो दिवाणखाना. त्याची मोठी भिंत गेरूने रंगवून मी मोकळी ठेवली होती, कारण तिच्यावर मला ठाकरांचा लग्नचौक हवा होता. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी जो चौकोन भरतात तो. मी तिला म्हटलं, "तू काढ. वाडीत तुझ्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतात."

तिने हातातला गोळा खाली ठेवला. "लगीन कुनाचं हाय?"

"लग्न नाही गं. शोभेसाठी."

"मंग नाय व्हायचं," ती म्हणाली. "चौक काडला म्हंजी देवी येती. आली का नवरीला घेऊन उठती. नवरीच नाय तं ती काय करंल बसून?" आणि ती पुन्हा कामाला लागली. मी पुष्कळ गळ घातली. मजुरी वाढवते म्हटलं तेव्हा ती नुसती हसली.

चैत्र संपता संपता तिच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा खालापूरच्या पलीकडच्या वाडीतला. हळद लागल्यावर तिने मला घरी बोलावलं. मी नारळ आणि खण घेऊन चढले. झोपडीत पाऊल टाकलं आणि समोरच चौक. चारी बाजूंनी दातेरी काठ, आत झाडं, वाजंत्री, फेर धरलेली माणसं, चंद्र-सूर्य. मधल्या चौकटीवर एक फडकं लावलेलं, कारण तिथे देवी होती. लग्नाच्या वेळेला त्यांचा भगत ते फडकं काढतो, तोवर देवीला कुणी पाहायचं नाही. चौकापुढे नवरी बसली होती, अंगभर हळद माखलेली. लग्न लागेपर्यंत तिने तिथून उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. मला बघून ती हसली.

मी पिशवीतून वही काढली. बायका बाहेर पानं लावत होत्या, मांडवात गडबड होती. शाळेत शिकवल्याप्रमाणे चौकटी आखून मी सगळा चौक माप धरून उतरवला, कुठल्या झाडाला किती फांद्या तेसुद्धा मोजून. मधली चौकट तेवढी कोरी राहिली. कोरी जागा ठेवून नक्कल पुरी करायची माझ्या हाताला सवय नव्हती. मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी फडक्याचा कोपरा उचलला, देवी बघितली, चार रेघांत वहीत उतरवली आणि फडकं होतं तसं सोडलं. वळले तर नवरी माझ्याकडे बघत होती. आता ती हसत नव्हती. आईला हाकही मारली नाही तिने. मी वही पिशवीत घातली आणि घाईने उतार उतरले.

दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस खपून मी दिवाणखान्याची भिंत भरली. काडी चावून कुंचला केला, पीठ कालवलं आणि हातात वही धरून एकेक रेघ तशीच्या तशी काढली. मधे देवी. वर फडकं नाही, कारण शेटजींना फडकं थोडंच दाखवायचं होतं? काम संपलं तेव्हा मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मला मास्तरांची आठवण झाली. झोपडीतला चौक आणि हा, शेजारी ठेवले असते तर कुणाला फरक काढता आला नसता.

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. ऊन रणरणत होतं. हे कामावर होते. मी घंगाळ घासून घेतलं आणि ते ठेवायला दिवाणखान्यात गेले. भिंतीपुढे नवरी बसली होती.

अंगावर ओली हळद, मांडीवर दोन्ही हात, डोळे देवीवर. मी म्हटलं, "अगं, तू इथे कशी? आई रागवेल की." तिने ऐकलं नाही. मी जवळ गेले. वैशाखातल्या मातीच्या वाटेने अर्धा कोस उतरून आलेल्या मुलीच्या पावलांवर धूळ हवी. तिची पावलं स्वच्छ होती. मी धावत जाऊन पाणी आणलं. ते तिच्यापुढे ठेवलं, तिने पाहिलंही नाही. खोली गार पडली होती, आणि ओल्या पिठाचा आंबूस वास येत होता. भिंत तर कालच वाळली होती. मी हात लावून बघितलं, तर रेघा ओल्या होत्या.

मी भित्री नाही. विहिरीवरच्या हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्या मोलकरणीला मी एकदा हाकलून दिलं होतं. पण त्या दुपारी माझे दात वाजले. मी गड्याला वाडीवर पिटाळलं, "तुझी पोर इथे आली आहे, घेऊन जा" असा निरोप देऊन. तासाभराने तिची आई एकटीच आली.

"पोर घरात हाय, बाय," ती दारातूनच म्हणाली. "कालधरनं बसूनच हाय. जेवत नाय. हाक मारली तं वळत नाय."

"मग ही कोण?" मी बोट दाखवलं.

तिने भिंत पाहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ती हळूहळू पुढे आली आणि जमिनीवर बसली. "कुठं हाय?" तिने मला विचारलं. तिला लेक दिसत नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या समोर." तिने हात पुढे केला. "थोडं डावीकडे," मी म्हणाले. तिचा हात लेकीच्या गालावर गेला आणि आरपार गेला. मी पदर तोंडात कोंबला. आईला काही कळलं नव्हतं, ती तशीच हवेत हात फिरवत राहिली. तेवढ्यात तिला जमिनीवर, सारवणावर उमटलेली हळद दिसली. तिने बोटाला लावून वास घेतला.

"माजीच हळद," ती म्हणाली. "मीच वाटलीय."

मग तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, न रागावता. एका नवरीचा एकच चौक. मी तोच चौक, तीच झाडं, तीच माणसं इथे काढली. आता एकीची दोन घरं झाली. परवा दिवस मावळताना नवरी चौकापुढून उठेल आणि नवऱ्याबरोबर जाईल. तोवर हा चौक राहिला तर जेवढी पोर तिथे आहे तेवढीच उठेल. इथे आहे ती इथेच राहील.

"मग पूस ना आत्ताच!"

"ज्या हातानं काडला त्याच हातानं पुसायचा. मी हात लावला तं माजा चौकबी जातो." तिने डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि मधल्या चौकटीवर लावलं. "परवा दिस मावळायच्या आत, बाय. येवडंच करा. मी तुमच्या पाया पडते."

मी तिला उठवलं आणि वचन दिलं. मनापासून दिलं. पण परवाच सकाळी शेटजी मुंबईहून घर बघायला येणार होते. मी मनात हिशेब केला की ते दहाला येतील, बाराला जातील, दुपारी मी भिंत पुसेन. सहा महिन्यांचं काम. एका माणसाने ते एकदा तरी पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. आत्ताच पुसली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. यांना मी संध्याकाळी सगळं सांगितलं. हे दिवाणखान्यात जाऊन बघून आले. म्हणाले, "मला कुणी दिसत नाही तिथे. पण तुला दिसतंय तर पूस." मी म्हटलं, "परवा."

शेटजींची मोटार पनवेलच्या पुढे बंद पडली. दहा वाजले, बारा वाजले, तीन वाजले. मी दारात उभी, डोळे रस्त्यावर आणि मग डोंगरावरच्या सूर्यावर. हे दोनदा येऊन म्हणाले, "पूस आता." दोन्ही वेळा मी म्हटलं, "येतीलच." पाचाच्या पुढे केव्हातरी मोटार आली. मी आत धावले आणि देवीवरचं फडकं काढलं. माझ्या हातानेच काढलं. नवरी खाली बसली होती, तीन दिवस बसली होती तशीच.

शेटजींना घर आवडलं. घड्यांचे कोनाडे, पानांची भिंत, सगळं निरखून बघितलं. दिवाणखान्यात आल्यावर मात्र ते दारातच थांबले. खुर्ची मागवून भिंतीपुढे बसले, अगदी तिच्या शेजारी. मग खांदे चोळत म्हणाले, "इथे गारठा आहे हो," आणि खुर्ची हातभर सरकवली. मला हसू येईना आणि रडू येईना. "कुणाच्या हातचं हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले.

ते आणखी बसले. चहा झाला. कुठल्या मित्राच्या माडीवर अशीच भिंत करता येईल याची बोलणी झाली. दारातून येणारं ऊन जमिनीवरून वर चढलं, भिंतीवर गेलं, तांबूस झालं. मी त्यांना "उठा" म्हणाले नाही. एवढ्या मोठ्या माणसाला उठा कसं म्हणायचं, अशी मी माझीच समजूत घालत होते. खरं म्हणजे मला त्यांनी आणखी थोडं बघावं असं वाटत होतं. वाडीवरून वाजंत्र्यांचा आवाज आला. तो वाढला, मग थांबला. शेटजी उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.

मोटार फाटकाबाहेर पडते न पडते तोच मी शेण कालवून आणलं. काठापासून पुसत आत गेले. झाडं गेली, वाजंत्री गेले. देवी सगळ्यात शेवटी. हे कंदील धरून उभे होते. भिंत पुरी करून मी वळले, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. खोलीतला गारठाही गेला होता. "गेली," मी म्हणाले, आणि भिंतीला टेकून पोटभर रडले. मला वाटलं, वेळेत झालं. थोडा उशीर झाला, पण झालं.

पाचव्या दिवशी तिची आई आली. लेकीला बघायला ती सासरी जाऊन आली होती. लग्न नीट लागलं होतं. पोर चालत गेली होती, रडलीसुद्धा नव्हती. तिकडे पाणी भरते, भाकरी थापते, सासू खूश आहे. "मी उंबऱ्यात हुबी ऱ्हायले," ती म्हणाली, "तं पान्याचा तांब्या घेऊन आली. माज्या हातात दिला. म्हनली, तुमी कुठल्या गावच्या?"

मी तिच्या पाया पडायला वाकले, तिने पडू दिलं नाही. ती सरळ दिवाणखान्यात गेली आणि सारवलेल्या कोऱ्या भिंतीपुढे बसली. कमरेची पुरचुंडी सोडून भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "कशी हाय?" तिने विचारलं.

मला काही दिसत नव्हतं. भिंत पुसल्यापासून मला कधीच काही दिसलं नाही. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून मला तसं सांगवेना. मी म्हणाले, "बसली आहे. शांत आहे."

बंगल्याची देखभालही शेटजींनी यांच्याकडेच ठेवली, म्हणून आम्ही आवारातच राहिलो, आणि ती येतच राहिली. कर्जतच्या बाजाराहून परतताना, कधी करवंदं घेऊन, कधी मोहाची फुलं घेऊन. दर खेपेला विचारायची, "कशी हाय?" आणि मी सांगायची. केस विंचरलेत आज. जरा वाळल्यासारखी दिसते. हसते आहे. समोर काहीच नसताना सांगणं मला जड जाई, तोंडात शब्द फिरत. शेटजींनी भिंतीबद्दल विचारलं तेव्हा ओल आली म्हणून सांगितलं. पुन्हा काढा म्हणाले, मी नाही म्हटलं. कुंचला मी त्यानंतर हातात धरला नाही. लोकांना वाटलं संसारात राहून गेलं.

सात-आठ वर्षांनी यांची बदली झाली. सामान गाडीत चढलं होतं. शेवटच्या दिवशी ती आली. लेक सासरी दोन मुलांची आई झाली होती, पण अजून आईला गाव विचारत होती. ती भिंतीपुढे बसली आणि नेहमीचं विचारलं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मला दिसत नाही गं. त्या संध्याकाळपासून एकदाही दिसली नाही. इतकी वर्षं मी तुला खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय, बाय," ती म्हणाली. "तुमी खोटं सांगताव ते पयल्याच दिशी कळलं. पन तिकडं गेले तं माजी पोर माजी नाय. हितं तुमी तिचं कायतरी सांगायच्या. आता मला कोन सांगंल?"

हे बाहेरून हाका मारत होते. मी तिच्याजवळ थोडा वेळ बसले, मग उठले. गाडी फाटकातून वळताना मी मागे पाहिलं. दार उघडं होतं आणि ती अजून भिंतीकडे तोंड करून बसली होती.